नियम कुठल्या पायरीवर आहे, ते आधी विचारा

तुम्ही विचारलंत: पुण्याची कंपनी तुमचं एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा, भरणार म्हणते, बायको अनुदानित कॉलेजात पर्मनंट आहे, आणि रोज काहीतरी नवा नियम कानावर येतो. तर निघायचं का, आणि तिने राजीनामा द्यायचा का? मी २०११ मध्ये न्यू जर्सीला आले ती एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

तेव्हा एच-फोरवर नोकरी करायची परवानगीच नव्हती. मे २०१४ मध्ये ती देण्याचा प्रस्ताव फेडरल रजिस्टरमध्ये छापून आला. हे इथलं राजपत्र, सुट्ट्या सोडून रोज निघतं. प्रस्तावावर साठ दिवस कुणीही मत कळवू शकत होतं. मुलगी झोपल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दोन पानं लिहिली: मी एम.कॉम., पुण्यात सहा वर्षं ऑडिटचं काम केलेलं, आणि इथे माझ्या नावावर साधं पगाराचं खातंही नाही. अंतिम नियम २५ फेब्रुवारी २०१५ ला आला आणि २६ मेपासून लागू झाला. लोकांनी काढलेल्या मुद्द्यांची उत्तरं त्यात दिलेली होती. १९४६ च्या कायद्याने ते सरकारवर बंधनकारकच आहे. प्रस्ताव, हरकती, अंतिम नियम, मग लागू होण्याची तारीख: या वाटेने येणारा नियम तुम्हाला तयारीला वेळ देतो.

पण सगळं या वाटेने येत नाही. १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, राष्ट्राध्यक्षांनी एक घोषणापत्र काढलं: नव्या एच-वन-बी अर्जामागे एक लाख डॉलर, आणि लागू शनिवारी मध्यरात्रीनंतर लगेच. माझी मैत्रीण तेव्हा सांगलीला होती, वडिलांचं सर्वपित्रीचं श्राद्ध करायला. पहाटे कंपनीच्या वकिलाची मेल आली, 'मुदतीच्या आत परत या.' आई वड्यांची डाळ भिजत घालत होती, आणि ही बॅग भरत होती. मुंबईला पोचली तर तिकीट नाही. मध्यरात्र उलटल्यावर खुलासा आला की ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना हे लागूच नाही. श्राद्ध भावाने एकट्याने केलं. ती अजून त्याबद्दल बोलताना रडते. म्हणून मी जीव तोडून सांगते: बातमी आली की आधी विचारा, हा प्रस्ताव आहे, अंतिम नियम आहे की घोषणापत्र? कुणाला लागू आणि कधीपासून?

आता तुमचं. तुम्ही भारतात आहात आणि अर्ज नवा, म्हणजे एक लाख डॉलरची अट नेमकी तुमच्यासारख्यांवर पडते. ती रक्कम भरायची कंपनीने. भरणार का, ते एचआरकडून लेखी घ्या; तोंडी 'बघू' चालणार नाही. दुसरं, वर्षाला ८५,००० जागा आणि त्यासाठी चिठ्ठ्या टाकून निवड, हे तुम्हाला माहीत असेलच. पण २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमाने या चिठ्ठ्या सारख्या राहिल्या नाहीत. पगाराच्या चार पातळ्या आहेत: पहिल्या पातळीतल्या माणसाचं नाव एकदा पडतं, चौथीतल्याचं चार वेळा. पातळी ठरते कामाचा प्रकार, गाव आणि देऊ केलेला पगार यांवरून. आपली पातळी कुठली धरली आहे, हे विचारायला लाजू नका.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही याच कंपनीत वर्षाहून जास्त काळ आहात, तर एल-वनचा, म्हणजे कंपनीच्याच अमेरिकेतल्या ऑफिसात बदलीवर जाण्याच्या व्हिसाचा, विचार झालाय का? तो मॅनेजरसाठी किंवा कंपनीचं खास ज्ञान असणाऱ्यांसाठी असतो, त्यामुळे तुमचं काम त्यात बसायला हवं. पण त्याला चिठ्ठी नाही, आणि ते एक लाख डॉलरचं घोषणापत्र फक्त एच-वन-बीचं आहे. शिवाय एल-वनवर आलेल्याच्या बायकोला वेगळं परवानापत्र न काढता नोकरी करता येते.

एच-फोरवर तसं नाही. तुमच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर व्हावा लागतो किंवा एच-वन-बी सहा वर्षांपुढे वाढलेलं असावं लागतं; तोवर तिला नोकरी करता येणार नाही. पुढे परवाना मिळाला तरी नूतनीकरणाची धास्ती राहते. पूर्वी वेळेत अर्ज केला की जुना परवाना मुदत संपल्यावरही आपोआप ५४० दिवसांपर्यंत चालायचा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सोय नाही, आणि हा बदल आधी हरकती न मागवताच लागू झाला. जुन्याची मुदत संपली की नवं कार्ड हातात येईपर्यंत घरी बसायचं. माझ्या शेजारणीला यात चांगली नोकरी सोडावी लागली.

म्हणून राजीनामा आत्ता नको. आधी एल-वन होतंय का बघा, नाही तर पहिलं वर्ष तुम्ही एकटे या. तिला बिनपगारी रजा किती आणि कुठल्या अटींवर मिळते, ते सत्र संपायच्या आत प्राचार्यांना विचारायला सांगा, आणि उत्तर लेखीच घ्यायला सांगा.