‘रन’ म्हणजे केवळ धावणे नव्हे

प्रश्न : ‘रन’ म्हणजे धावणे, असे आम्ही शिकलो, परंतु इंग्रजी वाचताना नळ, नाक, दुकान आणि निवडणूक या सर्वांसाठी हाच शब्द भेटतो. यामागे काही सूत्र आहे का?

उत्तर : सूत्र आहे, आणि ते गतीचे आहे. भराभर पाय उचलणे एवढाच अर्थ मनात धरला की बाकीचे अर्थ परके वाटतात. परंतु ‘अखंड पुढे जात राहणे’ हा गाभा मानला, तर नदी किंवा नाक वाहणे, धुताना कपड्याचा रंग पसरणे, यंत्र सुरू असणे आणि क्रियापद सकर्मक झाल्यावर दुकान चालवणे, हे सारे अर्थ एकाच ओघात येतात. आपले ‘चालणे’ तरी पायांपुरते कुठे उरले आहे? घड्याळ चालते, खटला चालतो, नाणेही चालते. निवडणुकीचा अर्थ मला विशेष लक्षणीय वाटतो, कारण अमेरिकी इंग्रजीत उमेदवार ‘रन’ करतो, तर ब्रिटिश इंग्रजीत तो ‘स्टँड’ करतो. मराठी उमेदवारही उभाच राहतो.

‘रन इंटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचा साठा संपणे. अशी जोडरूपे मात्र सुट्या शब्दांवरून नेहमीच उलगडत नाहीत, म्हणून ती वाक्यासह लक्षात ठेवावीत. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद ‘सेट’ची होती, पुढील सुधारणेत ‘रन’ने तिला मागे टाकले.