मीठ ‘सुवाहक’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: मुलीने वहीत ‘मीठ विजेचे सुवाहक आहे’ असं लिहिलं, बाईंनी ते चूक दिलं. मग मिठाच्या पाण्यातून वीज जाते ती कशी, आणि शब्द कोणता वापरायचा?

बाईंचं बरोबर आहे. कोरडं मीठ दुर्वाहकच. सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्यात असतात, पण एकमेकांना धरून जागच्या जागी बसलेले. वीज वाहायची तर भार घेऊन कुणीतरी हललं पाहिजे. पाण्यात हे आयन सुटे होतात आणि धन बॅटरीच्या एका तारेकडे, ऋण दुसरीकडे सरकू लागतात. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३४ साली रूढ केलेला ‘आयन’ हा शब्द ग्रीकमधला, अर्थ ‘जाणारा’. आपल्या उत्तरायणातलं ‘अयन’ही त्याच्याच नात्यातलं, हा मला फार आवडणारा योग.

खरी गफलत मात्र दुसऱ्याच शब्दात होते. बोलताना आपण सर्रास ‘चहात साखर वितळली’ म्हणतो. घरात चालतं, इथे नाही. मीठ पाण्यात विरघळतं. वितळतं ते ८०१ अंश सेल्सिअसला. वीज दोन्हींतून वाहते आणि धनाग्रापाशी (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या तारेपाशी) क्लोरीन निघतो. पण वितळलेल्या मिठात ऋणाग्रापाशी, म्हणजे दुसऱ्या तारेपाशी, सोडियम धातू मिळतो, तर मिठाच्या दाट द्रावणात तिथे हायड्रोजन निघतो आणि पाण्यात कॉस्टिक सोडा तयार होतो. एका क्रियापदाने कारखानाच बदलला!

आता ‘सुवाहक’. शुद्ध पाण्याच्या मानाने समुद्राचं पाणी लाखो पटींनी चांगलं वाहक आहे, पण तांबं त्याच्याही साधारण कोटभर पट पुढे. म्हणून ‘सु’ धातूंसाठी राखावा, मिठाच्या पाण्याला नुसतं ‘वाहक’ पुरे. खुद्द मिठाला ‘विद्युत अपघटनी पदार्थ’ म्हणावं, म्हणजे विरघळल्यावर किंवा वितळल्यावर आयन सुटे होऊन वीज वाहू देणारा. साखरेला तसं म्हणता येणार नाही. ती विरघळते, पण तिचे आयन होत नाहीत.

वहीत लिहायचं ते असं: ‘कोरडे मीठ विजेचे दुर्वाहक आहे, मिठाचे द्रावण आणि वितळलेले मीठ वाहक आहेत.’ यातला ‘कोरडे’ गाळू नका. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेव्हा ते कोरडं राहिलेलं नसतं. किनारपट्टीवर विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर खाऱ्या वाऱ्याने मीठ बसतं. सुकं असेतो त्याचा त्रास नाही. दवाने ओलं झालं की त्यावरून वीज झिरपते, कधी ठिणग्याही उडतात.