कापून काढलेली त्वचा जगते कशी?

प्रश्न : माझ्या भावाचा हात भाजला. मांडीवरची त्वचा काढून हातावर लावली आहे. पाच दिवस पट्टी सोडायची नाही, हात हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शरीरापासून पूर्ण सुटी केलेली त्वचा दुसरीकडे लावल्यावर जगते कशी? आणि पट्टी सोडली तेव्हा ती लालजांभळी का दिसत होती?

उत्तर : माझी निम्मी हयात असे ग्राफ्ट लावण्यात गेली, पण हा प्रश्न नातेवाईक क्वचितच विचारतात. त्यांचा सगळा राग ‘हात हलवू नका’ या हुकमावर असतो!

ही त्वचा आम्ही फार पातळ काढतो, मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी. रक्त तुटताच ती पांढरीफटक पडते. जखमेवर पसरल्यावरही पहिला दीड-दोन दिवस तिला रक्त मिळत नाहीच. खालून पाझरणारा द्रव शोषून ती तग धरते. मग त्वचेतल्या जुन्या केशवाहिन्यांची कापलेली तोंडं जखमेतल्या वाहिन्यांच्या तोंडांना जुळू लागतात आणि त्याच सुमारास जखमेतून नव्या केशवाहिन्यांचे फुटवेही वर चढतात.

ही फुटव्यांची गोष्ट मला आजही थक्क करते. ज्या पेशीला प्राणवायू कमी पडतो, तिच्यात ‘हिफ’ नावाचं प्रथिन साठतं. प्राणवायू पुरेसा असेल तर तेच प्रथिन तयार होताच मोडून टाकलं जातं. पेशीला ही टंचाई कळते कशी, हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. हिफ साठलं की ‘व्हीईजीएफ’ हे दुसरं प्रथिन बाहेर सोडलं जातं. ते जवळच्या केशवाहिनीपर्यंत पोचलं, की तिच्या अस्तरातली एक पेशी सुतासारखे बारीक धागे काढते आणि व्हीईजीएफ जिकडे जास्त तिकडे सरकू लागते. सरकताना ती शेजारणींना रोखूनही धरते, म्हणजे सगळ्याच पुढे धावत नाहीत. त्या मागे राहून आपली संख्या वाढवतात आणि नळी लांबवतात. समोरून आलेला दुसरा फुटवा भेटला की दोघांची तोंडं जुळतात आणि रक्त वाहू लागतं. नळी केवढी, तर तांबड्या पेशींनी एकामागोमाग एक, अंग चोरून जावं एवढी.

आता हात का हलवायचा नाही ते ध्यानात येईल. ग्राफ्ट जरासा सरकला की हे कोवळे जोड तुटतात. खाली रक्त किंवा पू साचला तर त्वचा उचलली जाते आणि फुटवे तिच्यापर्यंत पोचतच नाहीत.

लालजांभळ्या रंगाचं म्हणाल, तर रक्त आत शिरू लागलेलं असतं, पण बाहेर नेणाऱ्या वाहिन्या अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात. म्हणून हात उशीवर उंच ठेवायला सांगतात. पट्टी सोडताना मी त्वचा बोटाने हलकेच दाबून सोडते. पांढरी होऊन पुन्हा रंग भरला की माझा जीव भांड्यात पडतो. ती पांढरीच राहिली किंवा काळी पडू लागली, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा. लाली निवायला काही महिने लागतात. गरजेपेक्षा जास्त फुटलेल्या वाहिन्या शरीर हळूहळू मिटवून टाकतं.

प्रश्न : वडिलांच्या अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘कोलॅटरल्स’ दिसतात असं लिहिलंय. ओळखीचे म्हणतात, शरीराने स्वतःच बायपास केलाय, आता ऑपरेशन नको. खरं का?

उत्तर : अर्धं खरं, म्हणून जास्त धोक्याचं.

वर सांगितलेले फुटवे केशवाहिन्यांचे. बंद पडलेली मोठी धमनी अशी नव्याने उगवत नाही. तिच्या आसपास आधीपासून असलेल्या बारीक जोडवाहिन्या, म्हणजेच कोलॅटरल्स, मात्र रुंदावतात. ब्लॉकच्या पलीकडे दाब घटतो, जोडवाहिनीतून जास्त रक्त धावतं, त्या घर्षणाने तिची भिंत जाड होते आणि पोकळी वाढते. याला आठवडे, महिने लागतात. जॉन हंटर या सर्जनने १७८५ मध्ये गुडघ्यामागच्या धमनीचा फुगवटा थांबवायला मांडीतली धमनीच बांधली, तरी पाय वाचला, तो या वाहिन्यांच्या जोरावर.

पण अशा वाहिन्या काहींना जन्मतःच कमी असतात. शिवाय बसल्या जागी पुरणारं रक्त जिना चढताना पुरेलच असं नाही. व्हीईजीएफ किंवा त्याचं जनुक टोचून हृदयात नव्या वाहिन्या आणायचे प्रयोगही झाले. प्राण्यांमध्ये आशा दिसली, रुग्णांवरच्या चाचण्यांत ती टिकली नाही. तेच व्हीईजीएफ मधुमेह्याच्या डोळ्यात जास्त झालं, तर पडद्यावर गळक्या वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो, आणि तिथे ते थोपवायची इंजेक्शनं द्यावी लागतात. तेव्हा ‘नव्या नसा तयार करणारं’ म्हणून कुणी चूर्ण विकत असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

कोलॅटरल्स असणं चांगलंच, पण निर्णय त्यावर एकट्यावर होत नाही. कोणत्या धमन्या किती बंद आहेत, हृदयाचं पंपिंग कसं आहे, चालताना छाती भरून येते का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. वडील धूम्रपान करत असतील तर ते आजच थांबायला हवं. आणि बसल्या जागी छातीत दुखू लागलं, तर रिपोर्ट शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.