ध्यानाची व्याख्या कशी करावी आणि त्याचे प्रकार कोणत्या आधारावर पाडावेत?
लक्ष आणि जाणीव यांना ठरावीक पद्धतीने वळण देण्याचा, पुनःपुन्हा केला जाणारा मानसिक अभ्यास, अशी ध्यानाची व्यापक व्याख्या करता येईल. पतंजलींच्या योगसूत्रांत मात्र ती अधिक काटेकोर आहे. तेथे धारणेच्या, म्हणजे चित्त एका ठिकाणी स्थिर करण्याच्या, विषयावर चित्तवृत्तीचा अखंड एकतान प्रवाह म्हणजे ध्यान. ते अष्टांगांपैकी सातवे अंग असून त्यापुढे समाधी येते.

वर्गीकरण संप्रदायांच्या नावांवरून न करता, साधक आपल्या लक्षाचे नेमके काय करतो यावरून करणे मला अधिक योग्य वाटते, कारण एकाच संप्रदायात अनेक पद्धती नांदतात आणि तीच पद्धत वेगवेगळ्या नावांनी शिकवली जाते. २००८ मध्ये ध्यानाचे संशोधक लुट्झ, डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली विभागणी याच तत्त्वावर आहे. एकाग्र ध्यानात श्वास, मंत्र किंवा ज्योत असा एक विषय निवडून भरकटलेले मन प्रत्येक वेळी तेथे परत आणले जाते, तर मुक्त निरीक्षणात कोणताही विषय न निवडता, उमटणारे विचार व संवेदना प्रतिक्रिया न देता पाहिल्या जातात. बौद्ध परंपरेतील शमथ (मन शांत व स्थिर करणे) आणि विपश्यना (अनुभवांकडे सजगपणे पाहून अंतर्दृष्टी मिळवणे) हा भेद याच्या जवळचा असला तरी तंतोतंत तोच नव्हे. मैत्रीभावनेसारख्या, विशिष्ट भाव जोपासणाऱ्या ध्यानाचा वर्ग वेगळाच मानावा.

प्रत्यक्ष साधनेत या सीमा धूसर होतात; अनेक पद्धतींत श्वासावरील एकाग्रतेने मन स्थिरावल्यानंतरच साधक निरीक्षणाकडे वळतो.