नवी घोडी शांत आहे म्हणजे रुळली असं नाही

तुम्ही लिहिलंय की घोडी येऊन चार दिवस झाले, काही त्रास नाही, कोपऱ्यात गप्प उभी असते, फक्त पाणी कमी पिते, तर रविवारी बसू का आणि बाकीच्या दोन घोड्यांत सोडू का. दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे.

आधी ती शांतता बघू. खिंकाळणारा, कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारणारा घोडा निदान घाबरलोय हे सांगतो तरी. काही घोडे उलट गप्पच होतात, मान ताठ, कान फारसे फिरत नाहीत, आणि मालक खूश की काय गुणी जनावर मिळालं. मग दोन-तीन आठवड्यांनी तीच घोडी खुराला हात लावू देत नाही, लाथ झाडते, की लगेच विकणाऱ्याने फसवलं म्हणून बोंब. फसवणारे असतातच म्हणा, पण बऱ्याचदा ती आत्ता कुठे मोकळी व्हायला लागलेली असते.

म्हणून सध्या स्वभाव बाजूला ठेवा आणि पोटाकडे बघा. मोठा घोडा दिवसाला साधारण २५ ते ५० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जागा बदलली की पाण्याची चव, वास बदलतो आणि काही घोडे तोंडच लावत नाहीत. ऑटोमॅटिक ड्रिंकर (आपोआप भरणारं पाण्याचं भांडं) असेल तर बंद करा नि बादली ठेवा, किती प्यायली ते कळेल तरी. वाळलेलं गवत भिजवून द्या, तेवढंच पाणी पोटात जातं. कमी पाणी आणि कोरडा चारा यातून लीद आत अडकते नि पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही त्यामुळे हे प्रकरण फार पटकन हाताबाहेर जातं. दिवसातून ८-१० वेळा लीद पडायला हवी, रोज मोजा, हसू नका, मी अजून मोजतो. खुराक एकदम बदलू नका, जुना मागवून घ्या आणि ७ ते १४ दिवसांत हळूहळू नवीन मिसळत जा, आतड्यातल्या जिवाणूंना तेवढा वेळ लागतोच. गवत मात्र सतत समोर हवं कारण घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास तयार होत असतं.

सकाळ-संध्याकाळ ताप बघा. ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस नॉर्मल. प्रवासात डोकं वर बांधलेलं असलं की छातीत संसर्ग होऊ शकतो. शिवाय स्ट्रँगल्स (घोड्यांचा घशाच्या गाठी सुजवणारा संसर्गजन्य रोग) सारख्या आजाराची लक्षणं दिसायला ३ ते १४ दिवस जातात, म्हणून दोन-तीन आठवडे तिला वेगळंच ठेवा, बादली, ब्रश वेगळे, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करा. पण वेगळं म्हणजे एकटं नव्हे हां, बाकीचे घोडे तिला दिसले पाहिजेत, फक्त नाकाला नाक लागायला नको. ताप चढला, नाकातून घट्ट स्राव आला किंवा लीद थांबली तर इथे विचारत बसू नका, व्हेटला बोलवा.

हे दोन-तीन आठवडे नीट गेले की मग आधी कुंपणापलीकडून ओळख, नंतर दोघांतला जो शांत असेल तो एकटा तिच्यासोबत, दिवसाउजेडी, मोठ्या मोकळ्या जागेत, जिथे अडकायला कोपरा नसेल. गवताचे ढीग घोड्यांपेक्षा एक तरी जास्त. किंचाळणं, पुढचा पाय आपटणं चालायचंच, पण एकीला कुणी खाऊच देत नसेल तर वेगळं करा.

बसायचं कधी याला तारीख नाही. घोडा उभ्याने डुलकी घेतो पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि जागा सुरक्षित वाटल्याशिवाय बरेच घोडे आडवे होत नाहीत. सकाळी कुशीवर लिदीचे डाग, शेपटीत भुसा दिसतो का बघा. तोवर त्याच माणसाने, त्याच वेळेला खरारा करायचा, खूर उचलायचे, हाताने धरून फिरवायचं. हे सगळं ती बिनघोर करू द्यायला लागली की मग खोगीर चढवा, आणि पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं चालीवरच, पळवायचं नाही.