गाजरगवत न पेरता गावभर होतं, मग सांगूनसवरूनही चांगली पद्धत का पसरत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावात गाजरगवत कोणी आणलं नाही तरी सगळीकडे झालं, पऱ्हाटीवर (कपाशीवर) बोंडअळी आली ती जात नाही, पण सोयाबीनच्या रुंद वरंबा सरीचं प्रात्यक्षिक दोनदा होऊनही तिसऱ्या वर्षी कोणी केलं नाही. असं का होतं, आणि गावात एखादी पद्धत रुजवायची तर काय करावं?

पसरलं ते चांगलं आणि नाही पसरलं तर लोक ऐकत नाहीत, हे दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. तण असो, अवजार असो की सण, मी चार गोष्टी पाहतो. एकापासून दुसरं तयार व्हायला खर्च किती, ते वाहून कोण नेतं, बसायला मोकळी जागा आहे का, आणि फळ किती दिवसांत दिसतं. गाजरगवत या चारही परीक्षांत पहिल्या नंबरानं पास आहे.

एका झाडाला दहा ते पंचवीस हजारांपर्यंत बी धरतं. बी मोहरीहूनही बारीक आणि हलकं. ओल मिळाली की उगवतं, साधारण महिना-सव्वा महिन्यात फुलतं, आणि ओल असेल तर वर्षात तीन-चार पिढ्या काढतं. वारा ते फार लांब नेत नाही. लांब नेतात ती चाकाला चिकटलेली माती, मुरमाचे ट्रॅक्टर, कालव्याचं पाणी आणि उकिरड्याचं शेणखत. फुलावर आलेलं गवत उपटून उकिरड्यावर टाकलं तर पुढच्या उन्हाळ्यात ते आपणच बंडीनं वावरभर पोचवतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या जागेवर गुरं बाकीचं गवत खाऊन त्याच्यासाठी जागा मोकळी करतात. तुमच्या गावात बघा: पांदणीची कड, शाळेमागची पडीक जागा, नव्या रस्त्याचा भराव इथे ते दाट असेल, आणि गवत दाट राखलेल्या धुऱ्यावर (बांधावर) विरळ. उकरलेली, उघडी जमीन हेच त्याचं घर.

जाता जाता नावाबद्दल. गाजरगवतालाच काँग्रेस गवत म्हणतात आणि ते पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या, गव्हातून आलं असं सगळे सांगतात. पुण्यातली त्याची नोंद १९५५-५६ ची आहे आणि पीएल-४८० चा भारताशी करार ऑगस्ट १९५६ चा. अमेरिकेचा गहू त्याआधीही, १९५१ च्या कर्जातून, येत होता. म्हणून गव्हाचा संशय घ्यायला जागा आहे, पण त्या करारावर खापर फोडता येत नाही.

आता त्याच गवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा बघा, कारण तो मुद्दाम पसरवलेला जीव आहे. तो १९८३ मध्ये बंगळुरूला आणला आणि तपासण्या करून १९८४ पासून सोडला. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय भुंगे देतं. हेक्टरी ५०० ते १००० सोडायचे, जुलै-ऑगस्टमध्ये, हिरव्या आणि फुलावर न आलेल्या दाट पट्ट्यात. आणताना प्लास्टिकच्या बरणीला बारीक भोकं पाडा, आत गाजरगवताचाच पाला टाका आणि बरणी उन्हात ठेवू नका. लोक इथे दोन चुका करतात. भुंगे सोडलेल्या पट्ट्यातच पंधरा दिवसांनी तणनाशक मारतात, मग अळ्या उपाशी मरतात. आणि पहिल्याच वर्षी फरक दिसला नाही म्हणून सोडून देतात. हिवाळा लागला की भुंगा मातीत जाऊन बसतो तो पावसाळ्यात वर येतो, त्यामुळे ओलिताच्या रब्बीतल्या गवतावर त्याची आशा ठेवू नये. जम बसायला दोन-तीन पावसाळे लागतात.

त्याहून सोपा मला तरोटा (टाकळा) वाटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळलेल्या शेंगांतून बी गोळा करायचं, एप्रिल-मे महिन्यात पांदणीच्या कडेला आणि पडीक जागेवर दाट फेकायचं. पहिल्या पावसात तो गाजरगवताच्या बरोबरीनं उठतो आणि झाकोळ करतो. बी फुकट, ओळख जुनी, कोवळा असताना भाजी होते. आधी मात्र उभं गाजरगवत फुलायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावं लागतं. हातमोजे घालूनच, कारण खाज आणि त्वचेचा दाह हा त्याचा हमखास प्रसाद आहे. नुसतं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं.

बोंडअळीचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे अळीसोबत तिची प्रतिकारशक्ती पसरली. अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला मंजुरी मार्च २००२ ची, दोन जनुकांचं बियाणं २००६ चं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. ती कडेनं लावायची होती, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकारशक्ती पातळ होत राहील. पुडी लावल्याचा फायदा गावाला आणि दहा वर्षांनी, तोटा मात्र लावणाऱ्याला आणि याच हंगामात. असं असल्यावर पुडी धुऱ्यावर पडून राहिली यात नवल नाही. त्यात ओलिताची सोय झाली तशी फरदड वाढली. डिसेंबरला संपणारी पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीला आणखी एक-दोन पिढ्यांची खानावळ. गुलाबी बोंडअळी सरकीत बसून सुप्त राहते, कापसाच्या गाडीसोबत जिनिंगपर्यंत जाते आणि तिथून पतंग उडतात. २०१७ मध्ये विदर्भानं तिचा तडाखा पाहिला. एकट्यानं कामगंध सापळे लावून ती जात नाही, पण फवारणीची वेळ कळते: हेक्टरी ५ सापळे, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ किंवा जास्त पतंग आले की उपाय करायचा. ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) त्यावर लिहिलेल्या मुदतीत बदला. जुन्या ल्यूरवर पतंग येत नाहीत आणि आपण समजतो अळी नाही.

मग माणसानं मनानं उचललेलं पीक कसं पसरतं? सोयाबीन हे आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस-३३५ हे वाण १९९४ चं. सोयाबीनमध्ये स्वपरागीभवन होतं, म्हणून घरचं बी पुढच्या वर्षी चालतं. शेजाऱ्यानं दोन पायल्या मागितल्या की वाण दुसऱ्या वावरात गेलं, कृषी केंद्राची गरजच नाही. ९५ ते १०० दिवसांत मोकळं होतं, मागे हरभरा घेता येतो. तीच तिफण, तोच डवरा (कोळपं), मळणी यंत्राची फक्त चाळणी आणि वेग बदलायचा. नवं म्हणून फक्त बी आलं, बाकी सगळं घरात होतं.

आता तुमची रुंद वरंबा सरी याच मापानं मोजा. वरंब्यावर तीन-चार ओळी, दोन्ही बाजूंना सरी. जास्त पाऊस झाला तर पाणी निघून जातं, खंड पडला तर ओल टिकते. पद्धत चांगली आहे, वाद नाही. पण तिला खास यंत्र आणि मोठा ट्रॅक्टर लागतो. गावात यंत्र एक. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर वापशाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाचव्या नंबरच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत वापसा गेलेला असतो, मग तो नेहमीच्या यंत्रानं पेरून मोकळा होतो. शिवाय फायदा दिसतो तो अतिवृष्टीच्या किंवा खंडाच्या वर्षी. साधारण पावसाच्या वर्षी बघणाऱ्याला सरी म्हणजे फुकट गेलेली जागा दिसते. प्रात्यक्षिकाचं बियाणं, खत, यंत्र सगळं अनुदानातून आलं असेल तर शेजाऱ्यानं नक्कल करायची कशाची?

म्हणून मी पट्टापेर सुचवीन. सात दात्यांचं ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र गावात आहेच. प्रत्येक वेळी पलटून येताना एका ओळीची जागा सोडायची, म्हणजे सात ओळी पेरलेल्या आणि आठवी खाली (रिकामी). बियाणं आठवा हिस्सा वाचतं: एकरी ३० किलो लागत असेल तिथे सव्वासव्वीस. नंतर डवरणीच्या वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून खाली ओळीत चर पाडायचा, सरी तयार. हे काम साधारण महिन्याच्या आत उरका. पुढे झाडं एकमेकांत शिरतात आणि डवरा फांद्या मोडतो. उताराला आडवं पेरा. सरीचं तोंड धुऱ्याशी बंद राहिलं तर तिथेच पाणी तुंबून कडेच्या चार ओळी पिवळ्या पडतात आणि लोक म्हणतात पद्धत खोटी. ड्रायव्हरला पहिल्या दोन फेऱ्यांत सोबत चालून जागा दाखवा, कारण सवयीनं तो ओळीला ओळ भिडवतो.

अजून एक वर्ष थांबायची तयारी असेल तर त्याहूनही लहान गोष्टीपासून सुरुवात करा: उगवणशक्तीची तपासणी. अक्षय तृतीयेनंतर कधीही. पोत्यातून वरचं, मधलं, तळाचं मिळून सरसकट १०० दाणे मोजा, निवडून चांगले घेऊ नका. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचं, पण गुंडाळी गळेपर्यंत नाही, नाहीतर दाणे कुजतात आणि चांगलं बी नापास होतं. सहा-सात दिवसांनी मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेले मोजा. ७० निघाले तर एकरी ३० किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा, ६५ निघाले तर साडेबत्तीस. ६० च्या खाली असेल तर ते बी पेरू नका. आकडा वाईट आला तर कारण बहुधा मळणीत असतं: ड्रमचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांहून जास्त गेला, किंवा दाण्यातली ओल १४ टक्क्यांहून फार कमी झाली होती, किंवा पोती उंचावरून आदळली. सोयाबीनचं टरफल पातळ, आतला अंकुर टरफलाला लागूनच, एवढ्यानं तो दुखावतो. थप्पीही पाच पोत्यांहून उंच नको.

खर्च शून्य, नक्कल करायला फाटकं पोतं पुरे, निकाल आठवड्यात. मी आधी हेच का म्हणतो ते कळलं असेल. पोरांचा तान्हा पोळा नागपूरकडून भोवतालच्या जिल्ह्यांत गेला त्याचंही गणित मला असंच वाटतं: मोठा पोळा आधीच होता, लाकडी नंदी सुतार गावातच करून देतो, आणि बोजारा (खाऊ-पैसे) मिळतो म्हणून पोरं स्वतःच तो घरोघर फिरवतात.

प्रात्यक्षिक कुणाच्या वावरात, यावर बरंच अवलंबून आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्यावर १९४३ मध्ये एक प्रसिद्ध अभ्यास छापून आला. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सगळ्यांनी १९४१ पर्यंत तो मका घेतला होता. त्याची माहिती सर्वाधिक जणांना बियाणं विकणाऱ्याकडून मिळाली, पण पटलं सर्वाधिक जणांना शेजाऱ्यामुळे, आणि ऐकण्यापासून पेरण्यापर्यंत बरीच वर्षं गेली. म्हणून पुढाऱ्याचं पन्नास एकराचं वावर घेऊ नका. पाच एकरवाला, रस्त्याच्या कडेचा, ज्याच्या जमिनीबद्दल कोणी "त्याची काळीच तशी आहे" म्हणणार नाही असा माणूस घ्या. एकाच वावरात अर्धं जुनं, अर्धं नवं. बी तेच, खत तेच, पेरणी त्याच दिवशी. दोन्हीकडची मळणी वेगळी करून चार लोकांसमोर काट्यावर मोजा, आणि डवरणीला गेलेली जास्तीची मजुरी फळ्यावर लिहा, लपवू नका. अनुदानातून काहीच देऊ नका.

तिसऱ्या खरिपात, साधारण जुलैच्या शेवटी, गावातून एक चक्कर मारा आणि तुम्ही ज्यांना कधी सांगायला गेला नव्हता अशांच्या वावरातल्या खाली ओळी मोजा. दोन-तीन जरी सापडल्या तरी तुमचं काम तिथे थांबलं तरी चालेल. एकही नसेल तर त्या शेतकऱ्यांना नेमकं काय अडलं ते विचारा: ड्रायव्हर, डवऱ्याची जोडी, की उतार. बहुतेक वेळा अडचण पद्धतीत नसून बैलजोडी न उरल्यात निघते, आणि मग ट्रॅक्टरच्या मागे लावायचं सरी पाडायचं साधं पातं गावातल्या लोहाराकडून करून घेणं हे पुढचं काम.