शेवट माहीत असलेल्या पोरांना निर्णय कसा शिकवायचा

अगं पोरी,

मेसेज वाचला. लीडरशिप आणि डिसिजन मेकिंगचा पेपर तुझ्या गळ्यात पडलाय, सिलॅबसमध्ये नुसत्या थिअऱ्या आहेत आणि वर्गात निम्मे सीडीएसवाले (लष्करी अधिकारी व्हायची परीक्षा देणारे), निम्मे एमपीएससीवाले, शेवटच्या बाकावर एखादा रिटायर्ड हवालदार. उत्तम वर्ग आहे हा, घाबरू नकोस. थिअऱ्या दोन लेक्चरमध्ये उरकून टाक, पोरं त्या पाठ करतात, पेपरात उतरवतात, विषय संपला.

खरी अडचण अशी की आपल्या विषयातल्या प्रत्येक केसचा शेवट त्यांना आधीच माहीत असतो. कंदाहारच्या विमान अपहरणाचं नाव काढलं की सगळा वर्ग शहाणा, "मॅडम, विमान अमृतसरलाच अडवायला पाहिजे होतं". हो रे बाबा, पण कोणी, किती वाजता, आणि त्या क्षणाला हातात काय होतं त्याच्या जोरावर? इथे गप्प बसतात. त्यांना तिथेच नेऊन बसवायचं, तुझं काम एवढंच.

म्हणून सुरुवात अमृतसरनेच कर. 24 डिसेंबर 1999, काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी-814, अमृतसरला संध्याकाळी सातच्या सुमारास उतरलं आणि 48 मिनिटांनी इंधन न भरताच उडालं, ते लाहोरला, तिथून दुबईजवळ आणि मग कंदाहारला. आता गंमत बघ, आपल्याकडे कॉलेजचं लेक्चरही बऱ्याच ठिकाणी 48 मिनिटांचंच असतं, म्हणजे तास सुरू झाल्याची घंटा म्हणजे विमान उतरलं आणि तास संपल्याची घंटा म्हणजे विमान गेलं, वेगळं काही सांगावं लागत नाही. पाच-पाच जणांचे गट कर, मोबाईल बॅगेत, आणि दर पाच-सात मिनिटांनी एकेक चिठ्ठी सोड. इंधन कमी आहे. टँकर मागतायत. कमांडो अजून दिल्लीत आहेत. प्रवाशांना मारायला सुरुवात झालीय असा निरोप आलाय, खरं की दबाव कळायला मार्ग नाही. एक-दोन चिठ्ठ्या मुद्दाम एकमेकींच्या उलट ठेव, एखादी अर्धवट. नावं बदलून केस लपवायच्या भानगडीत पडू नकोस, पोरं लगेच ओळखतात. नियम एकच, चिठ्ठीत नाही ते कारण म्हणून चालणार नाही. "पुढे प्रवाशांच्या बदल्यात दहशतवादी मसूद अझहरला सोडावं लागलं" असं कोणी बोललं की तो गट बाद.

मग बघ काय होतं ते. पहिली वीस मिनिटं सगळे म्हणतात अजून माहिती हवी. माहिती मागणं म्हणजे जबाबदार असल्यासारखं वाटतं ना. तेव्हा मध्ये बोलू नकोस, घड्याळ फळ्यावर लिहीत जा फक्त. पंचविसाव्या मिनिटाला कोणीतरी वैतागून म्हणतं की टँकर पाठवून धावपट्टी अडवा, आणि सगळे सुटल्यासारखे हो हो करतात. इथे माझ्या वर्गातल्या एका माजी सैनिकाने जे विचारलं ते तूही विचार: टँकरच्या ड्रायव्हरला नेमकं काय सांगायचं, कोण सांगणार, आणि त्याला समजलं हे तुम्हाला कसं कळणार? दिल्लीतल्या क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुपला, म्हणजे संकट हाताळणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांच्या गटाला, काय वाटत होतं आणि रात्रीच्या अंधारात धावपट्टीवर काय घडत होतं, यातलं अंतर त्या एका प्रश्नात येतं. निर्णय म्हणजे मीटिंगमधलं वाक्य नाही, शेवटच्या माणसापर्यंत पोचला तर निर्णय.

दुसरी केस उलटी घे, म्हणजे पोरं दुसऱ्या टोकाला जाणार नाहीत. 1 सप्टेंबर 1965, भारत-पाक युद्ध, जम्मूकडचं छांब. पाकिस्तानी रणगाडे आत घुसलेत, दुपारी चारच्या सुमाराला लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांसमोर. यशवंतराव चव्हाणांनी मंत्रिमंडळाच्या समितीची वाट न बघता काही मिनिटांत विमानं पाठवायला हो म्हटलं आणि पंतप्रधान शास्त्रींना नंतर कळवलं, हे त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी नंतर लिहून ठेवलंय. संध्याकाळी पठाणकोटहून जुनाट व्हॅम्पायर विमानं उडाली आणि त्यातली चार त्याच दिवशी पडली. आता वर्गाला विचार, निर्णय चुकला का? अर्धे म्हणतील विमानं पडली म्हणजे चुकला, अर्धे म्हणतील युद्धात शेवटी आपण तग धरला म्हणजे बरोबर. दोघांनाही थांबव. दोघेही निकालावरून मागे चाललेत. अंधार पडायच्या आत काही करायचं तर किती वेळ उरला होता, विमानं न पाठवण्याची किंमत काय होती, व्हॅम्पायरशिवाय दुसरं काय पाठवता आलं असतं, यावर बोला म्हणावं. मला विचारशील तर निर्णय बरोबरच होता, पण हे वर्गात शेवटीच सांग, नाहीतर सगळे तुझ्याच बाजूने लिहितात.

आणि हेच राम प्रधान 26/11 नंतर नेमलेल्या दोन सदस्यांच्या समितीचे अध्यक्ष होते. आपत्तीच्या वेळी लोकांना आणि खालच्या फौजेला दिसेल असं नेतृत्व कमी पडलं, असं त्या अहवालात आहे. यावर लेक्चर देऊ नकोस, फक्त दिसणारं म्हणजे काय यावर वाद घालू दे. साहेबाने स्वतः घटनास्थळी जावं की कंट्रोल रूम सोडू नये? पोरं तावातावाने भांडतात, आणि पोलिसांत भरती व्हायचंय ते तर जास्तच.

1971 च्या युद्धातले लष्करप्रमुख माणेकशॉंचे किस्से मात्र जरा लांब ठेव. ऐकायला झकास, पण पोरांना वाटतं लीडर म्हणजे वरच्याला फटकन उत्तर देणारा माणूस. त्यांच्यातले बहुतेक जण पुढची वीस वर्षं मधल्या खुर्चीवर बसणार आहेत, अपुरा निरोप वरून येणार आणि खाली पाठवायचा. त्यांना ते शिकव.

गटाचा प्रमुख दर वेळी बदल, आणि प्रमुखाने सगळ्यात शेवटी बोलायचं. नाहीतर जो इंग्लिश फाडफाड बोलतो तोच प्रत्येक वेळी कॅबिनेट सेक्रेटरी होतो आणि बीडहून आलेली हुशार मुलगी मान डोलवत बसते. चिठ्ठ्या मराठीतच काढ, युनिव्हर्सिटी काही म्हणत नाही.

इंटर्नलचे निम्मे मार्क निर्णयाच्या आधी लिहिलेल्या अर्ध्या पानाला दे: काय ठरवलं, किती वाजता, काय माहीत नव्हतं, आणि कोणती बातमी आली तर मत बदलेन. हे शेवटचं कोणी नीट लिहीत नाही, रिकामी जागा सोडतात. तिथे कडक राहा. पहिल्या बॅचची अर्धी पानं स्कॅन करून पाठव, कुठल्या चिठ्ठीवर गाडी अडली ते बघून पुढची केस ठरवू, बहुतेक क्यूबाचीच (1962 चा अमेरिका-रशिया क्षेपणास्त्रांचा पेच) घेऊ पण त्याला दोन तास जोडून मागून घे, 48 मिनिटांत ती होत नाही.